विनोदी लोकगीतांच्या ध्वनिमुद्रिका

विनोदी लोकगीतांच्या ध्वनिमुद्रिका : ग्रामीण जीवनातील माणसे, नाती व प्रसंग यांची थट्टा करणारी, समूहासमोर गाण्यासाठी रचलेली गीते जेव्हा ग्रामोफोनच्या तबकडीवर, विशेषतः प्रत्येक बाजूस एकच गीत असलेल्या छोट्या तबकडीवर, स्वतंत्रपणे विक्रीस येतात, तेव्हा त्यांचे स्वरूप पालटते. या छोट्या तबकडीस व्यवहारात ‘सिंगल’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत या स्थित्यंतराचा आढावा कोकणातील, मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातील, नमन-खेळे व जाखडी या परंपरांच्या आधारे घेतला आहे. हे स्थित्यंतर तीन बाबतींत घडले : गीताची लांबी, श्रोत्यांचा सहभाग आणि कवीचे नाव. पहिल्या दोन बाबींत झालेले नुकसान काही अंशी भरून निघाले. तिसऱ्या बाबीतील मात्र दीर्घकाळ तसेच राहिले.

पूर्वपीठिका : मराठीतील विनोदी समूहगीताची परंपरा जुनी आहे. संत एकनाथांनी (१५३३–९९) सोळाव्या शतकात रचलेल्या भारुडांत सासुरवाशीण, जोशी, वासुदेव, गारुडी, विंचू चावलेला मनुष्य अशी सोंगे येतात. वरवर हास्यकारक वाटणाऱ्या या सोंगांतून अध्यात्माचा बोध केला जातो. पुढे शाहिरी वाङ्‌मयात व तमाशात गणानंतरच्या गौळणीला विनोदाचे हक्काचे स्थान मिळाले. गवळणींची मावशी आणि कृष्णाचा सवंगडी पेंद्या ही पात्रे या विनोदाची मुख्य वाहक होत.

कोकणात ही परंपरा दोन प्रकारे नांदते. शिमग्याच्या सुमारास होणाऱ्या नमन-खेळ्यांत काळा पोशाख, उंच टोपी व कमरेला घंटा असलेला संकासुर प्रेक्षकांत शिरतो, ओळखीच्या माणसांना चिडवतो आणि मुलांना भिववितो. त्याच्या जोडीला स्त्रीवेश घेतलेला पुरुष ‘गोमू’ म्हणून नाचतो. गौळणीच्या भागात मावशीच्या तोंडी गावातील ताज्या घडामोडी घातल्या जातात. दुसरा प्रकार जाखडीचा. गौरी-गणपतीच्या दिवसांत ढोलकी व झांज यांच्या साथीवर गाणारे मध्यभागी बसतात आणि पायांत चाळ बांधलेले नर्तक त्यांच्याभोवती गोलाकार नाचतात. या नृत्याला ‘बाल्या नाच’ असेही म्हणतात. कानात बाळी घालणाऱ्या कोकणी गड्यांना मुंबईत ‘बाल्या’ म्हणत. त्यावरून हे नाव पडले, असे सांगितले जाते.

जाखडीत शक्तिवाले व तुरेवाले असे दोन पक्ष असतात. शक्तिवाले प्रकृतीचे व तुरेवाले पुरुषतत्त्वाचे, म्हणजे शिवाचे, श्रेष्ठत्व मांडतात. एकाने पद्यातून प्रश्न टाकावा, दुसऱ्याने त्याच चालीत वा त्याहून कठीण चालीत त्याचे उत्तर द्यावे, असा सामना रात्रभर चालतो. पुराणातील कूटप्रश्नांनी सुरू झालेला हा वाद हळूहळू परस्परांच्या थट्टेवर येतो. प्रतिपक्षाच्या शाहिराचे गाव, त्याची ढोलकी, त्याचा आवाज, त्याचे गुरू यांपैकी काहीही या थट्टेतून सुटत नाही. या टप्प्यावर लोकप्रिय चित्रपटगीतांच्या चाली सर्रास घेतल्या जातात. कारण परिचित चालीत अनपेक्षित शब्द ऐकू आले की हसू लवकर फुटते.

या विनोदाची काही वैशिष्ट्ये पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. एक, तो स्थानिक असतो; ज्याची थट्टा होते तो बहुधा समोर बसलेला असतो. दोन, तो बदलता असतो; तेच पद पुढच्या वाडीत गाताना त्यातील नावे व प्रसंग बदलतात. तीन, तो उत्तराची अपेक्षा ठेवतो. प्रेक्षकांतून आलेला शेरा गाणारा लगेच उचलतो. चार, पदाच्या शेवटच्या कडव्यात कवीची, त्याच्या गुरूची वा गावाची नाममुद्रा असते. भारुडाच्या अखेरीस येणारी ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा सर्वपरिचित आहे. शाहिरांनीही तोच प्रघात पाळला. कागदावर क्वचितच उतरणाऱ्या या वाङ्‌मयात नाममुद्रा हाच कवीच्या कर्तृत्वाचा एकमेव दाखला असे.

चाकरमानी व मुंबई : रत्नागिरीतील गीत मुंबईच्या बाजारात कसे पोहोचले, हे समजण्यासाठी या जिल्ह्यातील स्थलांतराचा विचार करणे आवश्यक आहे. डोंगराळ भूमी, अल्प शेती व जमिनीचे तुकडे यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून येथील पुरुष मोठ्या संख्येने मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत व घरकामात शिरले. बंदरांतून सुटणाऱ्या आगबोटी हा त्यांचा मुख्य मार्ग होता. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली ती १९९८ मध्ये. या स्थलांतराची खूण लोकसंख्येत स्पष्ट दिसते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. हे प्रमाण राज्यात सर्वाधिक होते.

गणपती व शिमगा या दोन सणांना गावी परतणारा चाकरमानी हा या गीतांचा आश्रयदाता आणि त्यांतील विनोदाचा विषयही ठरला. त्याची मुंबईची ऐट, चाळीतील खोलीची गोष्ट सांगताना होणारी अतिशयोक्ती, गावी राहिलेल्या बायकोच्या मागण्या, सासूचा पहारा आणि मनिऑर्डरीची वाट हे या पदांचे आवडते विषय होत. दुसरीकडे मुंबईतील गिरणगावात गावकऱ्यांची मंडळे स्थापन झाली आणि परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या ठिकाणी नमन व शक्ती-तुऱ्याचे तिकीट लावून प्रयोग होऊ लागले. अंगणातील खेळाला अशा रीतीने रंगमंच आणि पैसे मोजणारा श्रोता लाभला. गावाची आठवण विकत घेण्याची तयारी असलेला हा वर्ग पुढे ध्वनिमुद्रिकांचाही ग्राहक बनला.

तबकडीचे आगमन : एमिल बर्लिनर याने चपट्या तबकडीचा ग्रामोफोन १८८७ मध्ये शोधून काढला. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि भारतातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे झाली. आरंभीच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे घडवून परत येत. तेथील कामगारांना गायकाची ओळख पटावी म्हणून गाण्याच्या अखेरीस गायक स्वतःचे नाव उच्चारीत. गौहरजानच्या तबकड्यांतील अशी घोषणा प्रसिद्ध आहे. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाल्यावर भारतातच तबकड्या बनू लागल्या. त्यांचा मुख्य घटक असलेली लाख भारतातूनच जगभर जात असे. १९३० च्या दशकात मुंबईत वडाळा येथे ‘यंग इंडिया’ तबकड्यांचा देशी कारखाना निघाला. हिज मास्टर्स व्हॉइसच्या मुंबई शाखेत ध्वनिमुद्रणाची जबाबदारी सांभाळणारे भावगीतगायक गोविंद नारायण जोशी यांनी या काळातील अनेक कलावंतांना तबकडीवर आणले.

मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावे. १९४८ मध्ये अमेरिकेत ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी आणि १९४९ मध्ये ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी निघाली. भारतात या तबकड्या १९५० च्या दशकाच्या अखेरीस रुळू लागल्या. सात इंची तबकडीवर प्रत्येकी एक गीत असल्यास तिला सिंगल आणि दोन्ही बाजूंस मिळून चार गीते असल्यास ई.पी. म्हणत. तंत्र सुधारले, तरी गीताचे तीन-चार मिनिटांचे माप कायम राहिले. आकाशवाणीच्या कार्यक्रमांनीही ते पक्के केले. मुंबई केंद्राच्या ‘कामगारसभा’ या कार्यक्रमामुळे अशी गीते गिरणगावात घरोघरी ऐकू येऊ लागली.

मराठी तबकड्यांत प्रारंभी नाट्यसंगीताचे व नंतर भावगीताचे वर्चस्व होते. लोकगीत तबकडीवर आले ते बहुधा शहरातील शाहिरांच्या व सुशिक्षित संगीतकारांच्या द्वारे. सातारा जिल्ह्यातील पसरणी येथील शाहीर कृष्णराव साबळे (१९२३–२०१५) यांनी एकनाथांचे ‘विंचू चावला’ हे भारूड नाट्यपूर्ण ढंगाने गाऊन ध्वनिमुद्रणाद्वारे सर्वत्र पोहोचविले. वेदनेने विव्हळणाऱ्या माणसाचे सोंग डोळ्यांना न दिसता केवळ आवाजातून उभे करण्याचे सामर्थ्य त्यात दिसते. शांता शेळके यांचे शब्द व हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत असलेली कोळीगीते लोकप्रिय झाली. ती लोकगीताच्या धर्तीवर रचलेली नवी गीते होती. शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांनी कोळीगीते, भारुडे व आंबेडकरी गीते यांतून लोकगायनाचा अस्सल बाज ध्वनिमुद्रणातही टिकविला.

समांतर उदाहरणे : ग्रामीण विनोदी गीताला बाजारात स्थान मिळण्याची प्रक्रिया इतर देशांतही अशीच घडली. ध्वनिमुद्रणाच्या अगदी पहिल्या काळात, १८९० च्या सुमारास, अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेल्या जॉर्ज जॉन्सन या कृष्णवर्णीय गायकाचे हास्यगीत अतिशय खपले. त्याकाळी नळकांड्यांवरील ध्वनिमुद्रणाच्या मोठ्या प्रमाणावर प्रती काढण्याची सोय नव्हती. त्यामुळे जॉन्सनला तेच गाणे, तेच हसणे, पुन्हा पुन्हा प्रत्यक्ष गाऊन ध्वनिमुद्रित करावे लागे. हास्य ही उत्स्फूर्त गोष्ट यंत्राच्या गरजेनुसार उत्पादित करावी लागण्याचे हे आद्य उदाहरण म्हणता येईल.

१९२३ च्या जूनमध्ये राल्फ पीअर हा ओके या कंपनीचा अधिकारी अटलांटा येथे गेला. स्थानिक विक्रेत्याच्या आग्रहावरून त्याने ‘फिडलिन’ जॉन कार्सन या वृद्ध व्हायोलिनवादकाची दोन गीते मुद्रित केली. त्यांपैकी एक आरवणाऱ्या कोंबडीविषयीचे गमतीचे गीत होते. पीअरला ते गायन अजिबात आवडले नाही. केवळ त्या विक्रेत्यासाठी पाचशे प्रती काढण्यात आल्या आणि त्या हातोहात खपल्या. ग्रामीण श्रोता स्वतःच्या बोलीतील गीत विकत घेतो, हे कंपन्यांना यावरून उमगले. पीअर पुढे व्हिक्टर कंपनीत गेला तेव्हा त्याने वेतनाऐवजी गीतांचे प्रकाशनहक्क मागून घेतले. ग्रामीण गीताचे मोल त्याच्या विक्रीइतकेच त्याच्या मालकीत आहे, हे त्याने ओळखले होते.

जॉनी कॅश याचे ‘अ बॉय नेम्ड सू’ हे विनोदी गीत विशेष उल्लेखनीय आहे. मुलाला मुलीचे नाव ठेवणाऱ्या बापाची ही कथा शेल सिल्व्हरस्टीन याने लिहिली. २४ फेब्रुवारी १९६९ रोजी सॅन क्वेंटिन येथील तुरुंगात कैद्यांसमोर ती गायिली गेली आणि तेच ध्वनिमुद्रण सिंगल म्हणून निघाले. अमेरिकेच्या सर्वसाधारण लोकप्रियता सूचीत त्याने दुसरा क्रमांक गाठला. या तबकडीत कैद्यांचे हसणे ऐकू येते आणि कथेतील प्रत्येक कलाटणी त्यामुळे अधिक खुलते. विनोदी गीतातील श्रोता हा केवळ ग्राहक नसून गीताचाच घटक असतो, हे येथे स्पष्ट होते.

कोकणाच्या अधिक जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. कोकणी तियात्राचा पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईतच झाला आणि त्याचा प्रेक्षकही चाकरीसाठी आलेला गोवेकर होता. तियात्रातील प्रवेशांमधून गायिली जाणारी ‘कांतारे’ बरीचशी विनोदी व उपरोधिक असत. ख्रिस पेरी (१९२८–२००२) यांच्या संगीतरचना व लॉर्ना यांचा आवाज यांनी सात इंची तबकडीवर कोकणी गीताला नवा बहर आणला. मद्यप्याचे चित्र रेखाटणारे ‘बेब्दो’ हे त्यांपैकी एक होय. गोव्याचे कांतार रंगमंचावरही स्वतंत्र गीत म्हणूनच गायिले जाई. त्यामुळे ते तबकडीवर सहज बसले. जाखडीचे पद सामन्यातील एक दुवा असल्याने त्याला संदर्भापासून तोडणे अधिक कठीण होते.

तबकडीने घडविलेले बदल : लांबीचा परिणाम सर्वांत आधी जाणवतो. रात्रभर चालणाऱ्या सामन्यातील एखादे पद तीन मिनिटांत बसवायचे, तर आलाप, प्रस्तावना व प्रतिपक्षाला दिलेले उत्तर गाळावे लागते. उरतात ती ध्रुपद व दोन-तीन कडवी. विनोदाची उभारणी हळूहळू करण्यास अवसर नसल्याने गंमत पहिल्याच ओळीत सांगावी लागते. म्हणून तबकडीवरील विनोदी गीतात चमत्कारिक पहिली ओळ, प्राण्या-पक्ष्यांची नावे, नादानुकारी शब्द आणि चटकन पाठ होणारे ध्रुपद यांचे प्राबल्य दिसते.

याला आणखी एक कारण आहे. प्रत्यक्ष खेळातील विनोद एकदाच ऐकला जातो. तबकडीवरील विनोद तोच श्रोता पन्नास वेळा ऐकतो. दुसऱ्या वेळी त्यातील आश्चर्य संपते. तरीही गीत पुन्हा ऐकावेसे वाटते, ते चाल, ठेका व गायकाचा ढंग यांमुळे. शब्दांतील कोटी मागे पडते आणि उच्चारातील लकब पुढे येते. साहजिकच, यशस्वी ठरलेल्या विनोदी तबकड्यांत कवीपेक्षा गायकाचे नाव लोकांच्या ध्यानात राहिले.

स्थानिकतेवरही मर्यादा आली. ज्याची थट्टा करायची तो श्रोत्याच्या परिचयाचा नसेल, तर व्यक्तीच्या जागी नमुना येतो : अमुक वाडीचा अमुक गृहस्थ जाऊन ‘मुंबईचा पाहुणा’, ‘भांडखोर सासू’, ‘बावळट नवरा’ उरतो. असा नमुना कोणालाही दुखवीत नाही व सर्वत्र समजतो, हा त्याचा गुण. परंतु गावाबाहेरच्या श्रोत्याला त्यातून ग्रामीण माणूसच हास्यास्पद वाटू शकतो. गावाने स्वतःची केलेली थट्टा आणि शहराने गावाची केलेली थट्टा यांतील सीमारेषा तबकडीवर पुसट होते. संगमेश्वरी बोलीतील पद रत्नागिरीत त्या बोलीसाठी हास्यकारक नसते, त्यातील आशयासाठी असते. दूरच्या श्रोत्याला मात्र बोलीच गमतीची वाटते. १९८० मध्ये रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ या मालवणी नाटकाने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला. नाटक बसविणाऱ्या गावकऱ्यांची फजिती त्यात दाखविली आहे. पण थट्टा करणारे व थट्टेचे विषय दोघेही त्याच गावचे असल्याने बोली केवळ हशाचे साधन बनली नाही.

कवीच्या नावाचा प्रश्न : नाममुद्रा शेवटच्या कडव्यात असते, याचा उल्लेख वर केला आहे. गीत छोटे करताना हेच कडवे गळण्याचा संभव सर्वाधिक असतो. त्याची जागा तबकडीच्या मध्यभागी चिकटविलेल्या गोल कागदाने घेतली. या कागदावर गायक, संगीतकार व गीतकार यांची नावे छापली जात. मात्र लोकगीताच्या बाबतीत गीतकाराच्या ठिकाणी ‘पारंपरिक’ एवढाच शब्द असे. हा शब्द अनेकदा यथार्थ असतो. पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या ओव्या, फुगडीची गाणी वा नमनातील स्तवने यांचा एकच कर्ता दाखविणे शक्य नसते. परंतु जाखडीचे पद अशा प्रकारचे नव्हे. ते ज्ञात शाहिराने, विशिष्ट सामन्यासाठी रचलेले असते आणि त्याचा कर्ता प्रतिपक्षालाही ठाऊक असतो. ते शहरात पोहोचताना ‘पारंपरिक’ ठरले, तर जिवंत कवी निनावी होतो आणि चालीला साज चढविणारा संगीतकार तेवढा नामवंत ठरतो.

याचे कायदेशीर परिणामही आहेत. भारतीय प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ नुसार लेखकाला त्याच्या कृतीवर आयुष्यभर व मृत्यूनंतर ठराविक काळ हक्क असतो. १९९२ च्या दुरुस्तीने ही मुदत मृत्यूनंतर ६० वर्षे झाली. ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याच्या निर्मात्याकडे, म्हणजे बहुधा कंपनीकडे, असतो. १९९४ च्या दुरुस्तीने गायक-वादकांच्या प्रयोगहक्कांना प्रथमच मान्यता मिळाली आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वशुल्कातील वाट्याचे संरक्षण दिले. मात्र हे सर्व हक्क कर्त्याचे नाव सिद्ध झाल्यावरच उपयोगी पडतात. ‘पारंपरिक’ म्हणून नोंदलेल्या गीताच्या कवीला त्यांचा लाभ होत नाही. लोकपरंपरेतील अभिव्यक्तीच्या संरक्षणासाठी भारतात स्वतंत्र कायदाही झालेला नाही.

कॅसेटचा काळ : फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये काढलेली कॅसेट भारतात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वस्त झाली आणि पुढील दशकात तिने तबकडीला मागे टाकले. तबकडीसाठी कारखाना लागे. कॅसेटची प्रत छोट्या खोलीतही काढता येई. त्यामुळे व्हीनस, टी-सीरीज यांसारख्या नव्या कंपन्यांबरोबर प्रादेशिक बाजारपेठेपुरते उत्पादन करणारे लहान व्यावसायिकही पुढे आले. अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ पीटर मॅन्युएल याने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उत्तर भारतातील या घडामोडीचा सविस्तर अभ्यास केला आहे. ध्वनिमुद्रणाच्या साधनांवरील मोजक्या कंपन्यांची मक्तेदारी मोडल्यामुळे प्रादेशिक व ग्रामीण संगीताला वाव मिळाला, असे त्याचे प्रतिपादन आहे.

महाराष्ट्रात या काळात आनंद शिंदे यांचे पोपटाविषयीचे विनोदी गीत कॅसेटद्वारे घरोघरी पोहोचले. लोकगायक प्रल्हाद शिंदे यांच्या या पुत्राची कीर्ती त्या एका गीताने सर्वदूर पसरली. १९९० च्या दशकात वेसावे येथील कोळी कलावंतांच्या ‘वेसावकर आणि मंडळी’ या संचाची ‘वेसावची पारू’ ही कॅसेट लग्नसमारंभांत व मिरवणुकांत वाजू लागली. येथे कोळी समाजाची गीते त्या समाजातील कलावंतांच्याच आवाजात बाजारात आली, ही गोष्ट महत्त्वाची होय.

कोकणातील जाखडीलाही खरा वाव मिळाला तो कॅसेटमुळे. एका बाजूस तीस मिनिटे मावत असल्याने गण, गौळण व सवाल-जवाब असा क्रम बव्हंशी राखता आला. प्रतिपक्षाला दिलेले उत्तर गाळण्याची गरज उरली नाही. वेष्टनावर शाहिराचे नाव, त्याचे गाव व पक्ष छापले जाऊ लागले. लुप्त होऊ पाहणारी नाममुद्रा अशा रीतीने वेष्टनावर अवतरली. तथापि, चित्रपटगीतांच्या चाली घेण्याचा जुना प्रघात आता ध्वनिमुद्रित झाल्याने कायद्याच्या कक्षेत आला. अंगणात जी गंमत होती, ती बाजारात दुसऱ्याच्या हक्काचा प्रश्न ठरू शकत होती. नकली कॅसेटींचा सुळसुळाट झाल्यामुळे गायकाला व कवीला एकरकमी मोबदल्यापलीकडे फारसे काही मिळत नसे.

अलीकडील स्थिती : संगणक व भ्रमणध्वनी यांच्या प्रसारानंतर कॅसेट व पाठोपाठ सीडीही मागे पडली आणि एकेक गीत स्वतंत्रपणे प्रसिद्ध करण्याची पद्धत पुन्हा रूढ झाली. सिंगल ही कल्पना तबकडीशिवाय परत आली. विनोदी ग्रामीण गीताला हे माध्यम विशेष मानवले. ‘जत्रा’ या चित्रपटातील, जितेंद्र जोशी यांनी लिहिलेले व अजय-अतुल यांनी संगीत दिलेले कोंबडीचे गीत गणेशोत्सवात व वरातींत गाजले; त्याच संगीतकारांनी त्याची चाल २०१२ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘अग्निपथ’ या हिंदी चित्रपटात वापरली. शब्द बदलले, मूळ मराठी विनोद गळाला. चाल मात्र देशभर गेली.

२०१७ मध्ये ‘सोनू’ या नावाला उद्देशून असलेले प्रश्नार्थक ध्रुपदाचे गीत समाजमाध्यमांतून पसरले. मुंबईतील रेडिओ-निवेदिका मलिष्का यांनी त्याच चालीत शहरातील खड्ड्यांवर टीका करणारे विडंबन केले आणि त्याला उत्तरादाखल आणखी विडंबने निघाली. एका पक्षाने टाकलेल्या पदाला दुसऱ्याने त्याच चालीत उत्तर द्यावे, हा शक्ती-तुऱ्याचा नियम येथे नकळत पाळला गेला. तबकडीने बंद केलेले गीत अशा प्रकारे पुन्हा खुले झाले. मात्र या देवघेवीत मूळ रचनाकार कोण, हे बहुसंख्य श्रोत्यांना सांगता येत नाही; तीन मिनिटांच्या तबकडीने निर्माण केलेला प्रश्न येथेही सुटलेला नाही.

जतनाचे कार्य : जुन्या तबकड्यांचा संग्रह व अभ्यास करण्यासाठी १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत लोककलांचे शिक्षण दिले जाते. संग्रहाचे कार्य मुख्यतः तबकड्यांवर केंद्रित असून लहान व्यावसायिकांनी काढलेल्या कॅसेटी अद्याप बव्हंशी उपेक्षित आहेत. त्यांवरील चुंबकीय फीत काळाच्या ओघात खराब होते आणि वेष्टने तर त्याआधीच नाहीशी होतात. जाखडीच्या बाबतीत हे वेष्टन ध्वनिमुद्रणाइतकेच मोलाचे आहे. कारण पदाचा कर्ता, त्याचे गाव व गुरुपरंपरा यांची छापील नोंद बहुधा त्यावरच असते. शाहिरांच्या घरी जपलेल्या पदांच्या हस्तलिखित वह्या हा याविषयीचा दुसरा पुरावा होय. ध्वनिफिती, वेष्टने व वह्या यांचा एकत्रित संग्रह झाल्यास ‘पारंपरिक’ म्हणून नोंदलेल्या अनेक विनोदी गीतांना त्यांचे कवी परत मिळू शकतील.